नाईलचे पाणी कोणाचे?

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला मिस्र म्हणतो, तोच इजिप्त देश. त्याचा बहुतेक भाग वाळवंट आहे. पाऊस अगदीच थोडा पडतो. तरीही तेथे दहा कोटींहून अधिक लोक राहतात. कोणाच्या आधारावर? एका नाईल नदीच्या!

पूर्वी इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस झाला की नाईलला पूर येई. पूर ओसरल्यावर शेतात काळा, सुपीक गाळ उरे. त्यात गहू पिके. पूर मोजण्यासाठी कैरोतील रोडा बेटावर इ. स. 861 मध्ये खुणा कोरलेला खांब उभारला गेला. पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले, ते पाहून शेतसारा ठरवीत.

1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. वीज मिळाली, बारमाही पाणी मिळाले. पण गाळ धरणातच अडला. शेतकऱ्यांना खते विकत घ्यावी लागली. 2025 मध्ये नदीच्या वरच्या अंगाला इथिओपियानेही मोठे धरण सुरू केले. त्या देशाला वीज हवी आहे. इजिप्तला मात्र पाणी कमी होण्याची भीती वाटते.

माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. नदी कोणा एकाची मालमत्ता नसते. वरच्याने खालच्याची तहान ओळखावी. खालच्याने पाणी जपून वापरावे. दुष्काळात कोणाला किती पाणी, हे आधीच लिहून ठरवावे. रोडा बेटावरच्या खुणांसारखा हा हिशेबही उघड असावा. तरच भांडण टळेल आणि शेतेही हिरवी राहतील.