दह्याचं पाणी आणि उजळणारी पेशी

हैदराबादच्या गौलीगुड्याशी आपल्या भागातल्या जुन्या माणसांची ओळख बस स्टँडमुळे. पत्र्याचं ते हँगरसारखं अजस्र छत जुलै २०१८ मध्ये कोसळलं. नाव मात्र टिकून आहे आणि त्याचा अर्थ आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना सांगावा लागत नाही. मराठीतला गवळी तोच कन्नडमधला गौळी. गौलीगुडा म्हणजे गवळ्यांची वस्ती. आज त्यांच्या दुधाचं बोट धरून प्रयोगशाळेत जाऊ या.

दही म्हणा की मोसरु, त्यावर सुटणारं पाणी किंचित हिरवट-पिवळं असतं. हा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, हिरवट उजळेल. न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकणं, या गुणाला फ्लुओरेसन्स म्हणतात.

याच जीवनसत्त्वापासून बनलेली द्रव्यं प्रत्येक जिवंत पेशीत असतात. त्यामुळे पेशी स्वतःही मंद उजळते. रंग बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची पहिली अडचण हीच. पेशीतला एखादा भाग दिसावा म्हणून घातलेला रंगही हिरवाच उजळला, तर जत्रेच्या रोषणाईत पणती शोधल्यासारखं होतं. म्हणून रेणूची रचना बदलत त्याचा प्रकाश तांबड्याकडे नेतात. तिथे पेशीचा स्वतःचा उजेड फार कमी असतो.

दुसरी अडचण याहून मोठी. दवाखान्यातून ‘तुकडा तपासायला’ जातो, तेव्हा त्यातल्या पेशी फॉर्मलिनमध्ये मरतात आणि मग त्यांना रंग देतात. रोग कोणता, हे त्यातून कळतं. पण औषध दिल्यावर पेशी कशी वागते हे पाहायचं, तर ती जिवंतच हवी. अशा वेळी रंगाने पाहुण्याची रीत पाळायची: दार न मोडता आत जायचं, आपली जागा धरायची आणि घरच्यांच्या कामात आडवं यायचं नाही.

जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसिन तयार केलं. मधुमेहींच्या डोळ्यांच्या अँजिओग्राफीत शिरेतून देतात तो पिवळा रंग हाच. त्याच्याच घराण्यातलं कॅल्सिन-एएम बाहेर असताना उजळत नाही. जिवंत पेशीतली विकरं त्याचे काही भाग तोडतात, तेव्हा ते हिरवं उजळतं आणि आतच अडकून राहतं. मेलेली पेशी अंधारीच. म्हणजे औषधाने किती पेशी वाचल्या, हे उजेडावरून मोजता येतं. तरी दिवा जपूनच लावायचा. प्रखर प्रकाशाने रंग विटतो आणि पेशीलाही इजा होते.

गौलीगुड्यापासून काही किलोमीटरवर, तारनाक्याला आयआयसीटी आहे. हैदराबाद संस्थानात १९४४ मध्ये सुरू झालेली ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. पेशींचा अभ्यास करणारी सीसीएमबी १९७७ मध्ये तिच्याच आवारात सुरू झाली आणि आजही शेजारीच आहे. एकीकडे रेणू घडतात, दुसरीकडे पेशी वाचल्या जातात. जिवंत पेशीसाठी रंग बनवणाऱ्याला या दोन्ही भाषा याव्या लागतात. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी जीवशास्त्राला परकं मानू नये. दोन भाषांत एकाच वेळी जगणं त्यांना घरातूनच येतं.