गोळी लागली, पुढं काय?

रानडुकरानं भुईमूग उकरला की शिव्या द्यायला मीच पुढं असतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी हाय, पण पिकाची नासधूस करणारं डुक्कर वनखात्याच्या लेखी परवानगीनं मारता येतं. ठीक. पण जखमी झालेल्या जनावराचा माग कोण काढणार, हे कुणी विचारतं का? गोळी पोटात बसली तर डुक्कर जागेवर पडत नाही. उसात शिरतं, तळमळत राहतं. सकाळी त्याच फडात तोडणीला बाया शिरतात. डुकराचे सुळे कुणाची मांडी फाडतील, सांगायला नको.

लोक म्हणतात, आपला कारवानी हाय की! लातूर-नांदेडचा कारवानी म्हणजे वाऱ्याचं लेकरू, मलाही त्याचा अभिमान. पण तो नजरेचा कुत्रा. मोकळ्या रानात त्याला तोड नाही. उसाच्या फडात त्याला दिसतंय काय? अन् पाच-सहा कुत्री डुकरावर सोडणं म्हणजे कुत्र्यांचीच आतडी बाहेर काढणं. इथं पाहिजे वासाचा कुत्रा, लांब दोरीला बांधलेला, रात्रभर थंड पडलेल्या रक्तावर नाक टेकून चालणारा. जर्मनीत याच कामासाठी हानोवरची वेगळी जात जोपासलीय. आपल्याकडंही वाघाची कातडी, हाडं हुंगून काढणारी वनखात्याची कुत्री ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला तयार झाली. मग डुकराच्या रक्ताचा माग शिकवायला कुठं अडलंय?

असा कुत्रा हाताशी नसेल तर बंदुकीला परवानगीच देऊ नका. भुईमूग माझाच जाईल, कळतंय मला.