बोलावणे येण्याआधीची तयारी

जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ८२ वर्षांचे एक गृहस्थ बेपत्ता झाले. हेलिकॉप्टर, श्वानपथक आणि स्वयंसेवक तीन दिवस त्यांना शोधत होते. तिथे पाहुणा म्हणून आलेल्या एका हौशी पायलटने आपला ड्रोन उडवला आणि वीसेक मिनिटांत ते सोयाबीनच्या शेतात जिवंत सापडले. जुलै २०१८ मध्ये काराकोरममधील ब्रॉड पीकवर स्कॉटिश गिर्यारोहक रिक अ‍ॅलन हरवले. ते गेलेच, असे सोबत्यांनी धरले होते. त्याच वेळी के-टूच्या तळावर बार्टेक बार्गिएल हा पोलिश पायलट आपल्या भावाच्या स्की-मोहिमेचे चित्रीकरण करण्यासाठी आला होता. त्याच्या साध्या, बाजारात मिळणाऱ्या ड्रोनने अ‍ॅलन यांचा ठावठिकाणा लावला आणि बचावपथक त्यांच्यापर्यंत पोहोचले.

या घटना आपण हौशी ड्रोन-पायलट अभिमानाने सांगतो, सांगायलाच हव्यात. पण दुसरी बाजूही तितकीच ठामपणे सांगितली पाहिजे. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये इतके ड्रोन परवानगीविना उडू लागले, की तिथल्या सरकारला निर्बंध घालावे लागले. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यात एक खासगी ड्रोन आग विझवणाऱ्या विमानावर आदळला. विमानाच्या पंखाला भोक पडले आणि ऐन आगीत ते काही दिवस जमिनीवर राहिले. ड्रोन उडवणारा फक्त आग पाहायला निघाला होता.

दोन्हीकडे कौशल्य जवळपास सारखेच होते. फरक पडला तो बचावकार्याशी असलेल्या संबंधाने. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: आपत्तीत बोलावल्याशिवाय उडू नका, आणि बोलावणे येईल अशी तयारी मात्र आजच करा.

आपल्याकडे ही तयारी पावसाळ्याआधीच व्हायला हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते. अशा पावसात आणि धुक्यात आपले हौशी ड्रोनही निरुपयोगी ठरतात, कारण त्यातले बहुतेक पाण्यापासून सुरक्षित नसतात. मग आपला उपयोग काय? उपयोग एप्रिल-मे महिन्यांत आहे. दरडीखाली वाडी गाडली गेली, की कोणते घर नेमके कुठे होते हेच बचावपथकाला कळत नाही आणि खणायला कुठून लागायचे हा प्रश्न पडतो. आकाश निरभ्र असताना काढलेला, प्रत्येक घर, पायवाट, ओढा आणि हेलिकॉप्टर उतरू शकेल असे मोकळे माळरान दाखवणारा नकाशा त्या वेळी हाताशी असेल, तर शोधाचे कित्येक तास वाचतील. ७० ते ८० टक्के ओव्हरलॅप ठेवून फोटो काढणे आणि ओपनड्रोनमॅपसारख्या मोफत प्रणालीत ते जोडणे हे काम आपल्यापैकी अनेकांना येते. डोंगरउतारावरच्या वाड्यांसाठी ते सुरू करायला हवे. नकाशा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्या आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

दुसरी तयारी सरावाची. हरवलेला माणूस शोधताना स्क्रीनवर इकडेतिकडे कॅमेरा फिरवून भागत नाही. ठरावीक उंचीवर, ठरावीक ओळींत उडायचे, स्थिरचित्रे घ्यायची आणि मोठ्या पडद्यावर ती दुसऱ्याने तपासायची. थर्मल कॅमेरा असेल तर पहाटे उडा. दिवसभर तापलेला सह्याद्रीचा कातळ संध्याकाळी उष्णता सोडत असतो आणि त्यात माणूस ओळखू येत नाही. दाट झाडीच्या छताखालचे थर्मललाही दिसत नाही. दरीतून उडताना दिसणारी उंची टेकऑफच्या जागेपासून मोजलेली असते, म्हणून रिटर्न-टू-होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येण्याची, उंची समोरच्या कड्याहून जास्त ठेवा. वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला कड्याच्या आडोशाने हवा खाली ओढते, तिथे जवळ जाऊ नका. शेजारी ड्रोनवर नजर ठेवणारा एक स्पॉटर असलाच पाहिजे.

तिसरी तयारी नियमांची. ड्रोन नियम, २०२१ नुसार २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत प्रशिक्षण टाळण्यासाठी वापरू नका. नोंदणी आणि विमा पूर्ण ठेवा. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील हवाई नकाशा प्रत्येक उड्डाणाआधी पाहा. एखादे क्षेत्र तात्पुरते, जास्तीत जास्त ९६ तासांसाठी, रेड झोन, म्हणजे परवानगीविना उड्डाणास बंदी असलेले क्षेत्र, जाहीर होऊ शकते, आणि आपत्तीच्या जागी तसे होणे अगदी शक्य आहे.

चौथी तयारी लोकांच्या विश्वासाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गावांनी रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या भीतीने जागता पहारा दिला. चोर ड्रोनने घरे हेरतात, ही अफवा गावोगाव पसरली. त्या लोकांना आपण घाबरट म्हणू नये. डोक्यावर कोण उडते आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून उड्डाणाआधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटा, शाळेच्या पटांगणात ड्रोन दाखवा, कॅमेऱ्यात काय दिसते ते मुलांना पाहू द्या. ज्या गावाने आपल्याला ओळखले आहे, तेच गाव संकटात आपल्याला हाक मारील.

लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या गिर्यारोहकांच्या बचावसंस्थांनी हीच वाट आधी चालून दाखवली आहे. छंद म्हणून डोंगर चढणारे लोक शिस्तीने एकत्र आले आणि प्रशासन आज त्यांना हक्काने बोलावते. आपणही तसेच करावे. प्रत्येक तालुक्यात किमान पाच पायलटांची यादी तयार करा. नाव, ड्रोनचा प्रकार, थर्मल आहे की नाही, किती बॅटऱ्या आहेत, हे त्यात लिहा. तहसीलदारांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात ती यादी द्या. शक्य तिथे ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणातही सहभागी व्हा.

हा अंक हातात पडल्यावर पहिला फोन आपल्या तालुक्यातील दुसऱ्या पायलटला करा आणि दुसरा तहसील कार्यालयाला. पावसाची वाट पाहू नका.