दमेकरी मुलाचे संत्रे का काढून घेता?

दमा असलेल्या मुलाच्या ताटावर आपल्याकडे साऱ्या घराची नजर असते. दही नको, केळे नको, पेरू नको आणि संत्रे तर मुळीच नको! कारंजा-आर्वीकडची संत्री ज्या जिल्ह्यात टोपल्यांनी विकली जातात, तेथेच दमेकरी मूल मात्र हात राखून बसते. ‘थंड’ पदार्थांनी दमा उसळतो, हा समज आमच्या सिंदी मेघे परिसरात शिकलेल्या घरांतूनही आढळतो. तो एकदा पारखून घेतला पाहिजे.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आकसतात आणि आत चिकट कफ साठतो. नळी अरुंद होते. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला किती विरोध होतो, हे पदार्थविज्ञानातील प्वासॉयचा नियम सांगतो. हा विरोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, की विरोध दुप्पट नव्हे, १६ पट होतो! मुलांच्या नलिका मुळातच बारीक. म्हणून थोडी सूजही त्यांना भारी पडते.

संत्र्याने ही सूज वाढते काय? आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात ती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. थंड हवा आणि सर्दीपडसे यांमुळे अनेकांचा दमाही याच सुमारास बळावतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. विदर्भात अनेक ठिकाणी कोजागिरीच्या खिरीतून दम्याचे औषध देतात, त्यालाही हाच न्याय लावा. दमा मुळात चढउताराचा विकार आहे. औषध न घेतलेल्या रोग्यांशी तुलना केल्याशिवाय गुण कशाचा, हे कसे कळणार?

मुलांच्या दम्याची ‘आयझॅक’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी १९९१ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात आपले अकोलाही एक केंद्र होते. पुढच्या टप्प्यातील आहाराविषयीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या १३-१४ वर्षांच्या मुलांत तीव्र दम्याचा धोका ३९ टक्के, तर ६-७ वर्षांच्या मुलांत २७ टक्के अधिक दिसला. तितक्याच वेळा फळे खाणाऱ्यांत तो अनुक्रमे ११ व १४ टक्के कमी होता.

मात्र जो काटा संत्र्याला लावला, तोच येथेही लावायला हवा. फळे खाणाऱ्या घरांत धूर कमी असेल, मुलांचे वजन बेताचे असेल. तेव्हा फळांनी दमा बरा होतो, असे यातून सिद्ध होत नाही. परंतु फळांनी दमा वाढतो या समजाला तर या पाहणीत काहीच आधार नाही. वाढत्या वयातील मुलाची फळे, दूध, दही निव्वळ ऐकीव गोष्टीवरून तोडली, तर त्याच्या पोषणाचे नुकसान होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पुरावा नसताना पथ्य लादू नये.

काही थोड्या मुलांना दूध, अंडी किंवा शेंगदाणे यांची खरीखुरी ॲलर्जी असते. काहींना डबाबंद पदार्थांतील सल्फाइटचा त्रास होतो. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पथ्य पाळावेच. आहार हा औषधाला पर्यायही नव्हे. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने श्वासातून घ्यायचे औषध बंद करणे धोक्याचे आहे. आणि ताटाइतकेच चुलीकडेही पाहा. धूर कमी करणारी मगनचूल आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतूनच पुढे आली, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाला दमा असेल तर एक वही घाला. रोजचे खाणे, हवा, धूर, सर्दी आणि श्वासाचा त्रास यांची काही महिने नोंद ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. संत्र्यावरचा आरोप खरा की खोटा, याचा निवाडा ऐकीव गोष्टीपेक्षा या नोंदींवर होऊ द्या.