हवामानशास्त्र, भूशास्त्र आणि गावची नोंदवही

आमच्या संघाच्या मागील बैठकीत एका वयोवृद्ध सभासदांनी एक प्रश्न केला व त्यावर बरीच वादावादी झाली. ते म्हणाले, "पुण्यास हवामानाचे शास्त्रज्ञ आहेत, हैदराबादेस भूगर्भाचे आहेत, वर आकाशात उपग्रह फिरत आहेत. त्यांजवर सरकारचे कोट्यवधी रुपये खर्च होतात. पण माझ्या चाळीस वर्षांच्या शेतीत दुबार पेरणी काही टळली नाही. मग या शास्त्राचा आम्हांस उपयोग तो काय?" सभेत पुष्कळांनी माना डोलविल्या. प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्राची थोरवी गाऊन त्याचे उत्तर दिल्यासारखे होणार नाही. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. मराठी सातवीपर्यंतचे शिक्षण व त्यापुढे महसूल खात्यातील कारकुनी, एवढीच त्याची पुंजी. परंतु त्या कारकुनीत पावसाची नोंदवही वर्षानुवर्षे हाताखालून गेली असल्यामुळे या प्रश्नाची एक बाजू त्यास जवळून दिसली आहे. ती बाजू वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मंडळाच्या गावी पर्जन्यमापक असतो, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. त्याजवर आपले काय काय अवलंबून आहे, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल. सरकारी नियमाप्रमाणे एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी समजली जाते, आणि पंचनामे व मदत यांचे चक्र सामान्यतः तेथून फिरू लागते. म्हणजे 64 व 66 यांमधील दोन मिलिमीटर हे कित्येक कुटुंबांच्या वर्षाच्या भाकरीचे अंतर होय. आता हे चोवीस तास कोणते? सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ. समजा, पहाटे पाचपासून साडेआठपर्यंत 40 मिलिमीटर पाऊस पडला व पुढे दुपारपर्यंत आणखी 45 पडला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा एकच पाऊस. सोयाबीन आडवे झाले ते एकाच दिवशी. परंतु वहीत एका तारखेस 40 व दुसऱ्या तारखेस 45 असे लिहिले जाते, आणि दोहोंपैकी एकही आकडा 65 ची वेस ओलांडीत नाही. यात लबाडी कोणाचीच नाही; केवळ मोजण्याची रीत अशी आहे. पण ही रीत शेतकऱ्यास कोणी समजावून सांगत नाही, आणि मग तो कारकुनास शिव्या देतो.

शिव्यांस पात्र अशाही गोष्टी मी पाहिल्या आहेत. पर्जन्यमापकाच्या भोवती मोकळी जागा हवी. भिंत, झाड जे काही असेल ते आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे, असा नियम आहे. एका मंडळाच्या गावी (नाव घेत नाही) तो कडुनिंबाच्या सावलीत उभा होता व त्यास शेळ्या बांधीत. दुसऱ्या एका ठिकाणच्या तक्त्यात ओळीने तीन दिवस एकच आकडा, दशांशासुद्धा तोच, लिहून आला. वाचणारा गावास गेला होता व परतल्यावर त्याने वही "पुरी" केली, हे उघड होते. तो तक्ता मी बेरीज करून पुढे पाठविला. वरिष्ठांस तो वेळेवर हवा होता, मीही वयाने लहान होतो, आणि तीन आकड्यांनी काय बिघडते, असे तेव्हा वाटले. त्या मंडळातील शेतकऱ्यांस त्या वर्षी काय मिळावयाचे ते मिळाले नाही, असे मी म्हणत नाही. मिळावयास हवे होते की नव्हते, हे मात्र त्या वहीवरून आता कोणासही कधीच ठरविता येणार नाही.

हल्ली परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. 2017 पासून "महावेध" प्रकल्पाखाली राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. यंत्र गावास जात नाही. तथापि यंत्राच्या नरसाळ्यात पाला अडकतो, कोळी जाळे विणतो, शेजारी कोणी गोठा बांधतो. आणि एका मंडळात अनेक गावे असून नक्षत्राचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो व पलीकडे पडत नाही, हे काही शेतकऱ्यास सांगावयास नको. ग्रामपंचायतींच्या गावी पर्जन्यमापक बसविण्याची केंद्र सरकारची योजना 2023 पासून पुढे आली आहे. ती आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावोगाव पुरी व्हावी, यासाठी संघाने पाठपुरावा केला पाहिजे. आणखी एक मागणी मला सुचते. स्वयंचलित केंद्र पावसाची नोंद वेळोवेळी, दिवसभर करीत असते. मग साडेआठचीच वेस कशास हवी? कोणतेही सलग चोवीस तास धरून अतिवृष्टीचा हिशेब करावा. कारकून दिवसातून एकदा पायी जाऊन माप वाचीत असे, त्या काळची ती सोय होती.

आता आमच्या वृद्ध सभासदांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाचे मान पाहून मोसमी पावसाचे अनुमान बांधण्यास आरंभ केला. त्यानंतर 1904 ते 1924 या काळात गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती त्या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी देशोदेशींच्या हवेच्या दाबाचे, पावसाचे व तापमानाचे जुने आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा पॅसिफिक महासागराकडील दाब चढला की हिंदी महासागराकडील उतरतो व उलटही होते, हा झोका त्यांच्या ध्यानात आला. "अल निनो" हा शब्द आज आपली मुलेही उच्चारतात. त्या विद्येचा एक पाया हा होय. परंतु वॉकर साहेबांनी पॅसिफिक महासागर मोजला नव्हता. त्यांनी वह्या वाचल्या. त्या वह्या ठिकठिकाणच्या अनाम माणसांनी रोजच्या रोज, बहुधा कंटाळत, भरल्या होत्या. त्यांपैकी कोणी आकडे "पुरे" केले असते, तर तो झोका सापडता ना.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिद्ध केलेली नवी अंदाज प्रणाली 26 मे 2025 रोजी देशास अर्पण झाली. पूर्वी बारा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज निघे, तो आता सहा किलोमीटरच्या चौकटीचा निघतो. ही प्रगती लहान नव्हे. परंतु सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज खरा ठरला की खोटा, हे पडताळण्यास त्या चौकटीत निदान एक चोख मापक नको काय? शास्त्रज्ञांनी चाळणी बारीक केली, आता आपल्या बाजूने धान्यही तसेच निवडलेले गेले पाहिजे.

दुबार पेरणीविषयी बोलावयाचे, तर शास्त्राने त्याचेही उत्तर दिले आहे व ते अगदी साधे आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज सोयाबीन पेरू नये, असे कृषी विभाग व परभणीचे कृषी विद्यापीठ दरसाल सांगतात. आम्ही काय करतो? मृगाची एक सर आली, शेजाऱ्याने तिफण जुंपली, की आपलीही जुंपतो. आपल्या शेतात 75 मिलिमीटर झाला की 30, हे आम्ही कशाने ठरविले? पायाने. उभ्या सरळ काठाचे पत्र्याचे भांडे मोकळ्या जागी ठेवून, त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली, तरी काम बरेचसे भागते. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. 30 व 75 यांत किती लाख लिटरांचा फरक पडतो, तो वाचकांनीच करून पाहावा. बियाण्याच्या पिशवीची किंमत घासाघीस करून ठरविणारा शेतकरी पाण्याचे हे माप डोळे मिटून धरतो, याचे मला नवल वाटते.

परभणीहून दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित सल्ला मराठीत निघतो. तो गावच्या फळ्यावर लागला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांत असेच काम करण्यासाठी देशात सुमारे दोनशे कृषी हवामान केंद्रे उघडली होती. ती 2024 साली बंद करण्यात आली. हा निर्णय माझ्या अल्पमतीस मुळीच पटलेला नाही. मोठी यंत्रे विकत घ्यावयाची व त्यांचे म्हणणे शेतकऱ्यास त्याच्या भाषेत सांगणारा माणूस कमी करावयाचा, यात कसली काटकसर? ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ वगैरे गावांत रात्रीतून पाणी चढले, माणसे व जनावरे दगावली. पाऊस तेथेच पडला असे नव्हे. उदगीर व कर्नाटकाच्या बाजूचेही पाणी लेंडी नदीने आणले. वरच्या बाजूस किती पडला, हे खालच्या गावास झोपण्यापूर्वी कळविणे, याहून हवामानशास्त्राचा अधिक मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

आकाशाची जी कथा, तीच भूमीची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक निजलेले असता, किल्लारीस भूकंप झाला व लातूर-उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता. नकाशा करणाऱ्यांपाशी या भागाची नोंदच तोकडी होती. जेथे नोंद कोरी, तेथे धोका नाही असे धरले गेले. वास्तविक 1992 च्या ऑक्टोबरपासून किल्लारीकरांस हादरे जाणवत होते व ते सांगतही होते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे 617 मीटर खोल विवर घेतले. सुमारे 338 मीटरपर्यंत काळा पाषाण व त्याखाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. 2002 साली नकाशा दुरुस्त होऊन हा प्रदेश तिसऱ्या पट्ट्यात आला. माणसे मेली ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे माळवदाचे ओझे यांखाली. भिंतीत आरपार जाणारे बांधदगड घालावेत, चारी भिंतींवरून पट्टी फिरवावी, माळवदाची माती हलकी करावी, हे त्यातून निघालेले ज्ञान. 21 मार्च 2024 रोजी हिंगोलीकडे 4.5 प्रतीचा धक्का बसला, तो नांदेडातही जाणवला. आणि जुने दगडी वाडे आपल्या गावांतून अद्याप उभे आहेत, त्यांत माणसे निजतात.

विहिरींविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या पायाखाली मुरूम, मांजऱ्या खडक, काळा पाषाण व मधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा, असे थर एकावर एक आहेत. पाणी मुख्यतः मांजऱ्यात व भेगांत राहते. घट्ट पाषाणात नारळ फिरवून ते उत्पन्न होत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपण सर्व जागे झालो. विहिरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून खाली जात होत्या, व ज्याने दोर सोडून पाहिला त्यास ते कळत होते.

सबब, संघापुढे माझी सूचना आहे ती अशी. प्रत्येक गावातील एका सभासदाने येत्या मृगापासून साधा पर्जन्यमापक ठेवावा व एक विहीर ठरवून घ्यावी. वहीत रकाने एवढेच: तारीख, सकाळी साडेआठचे माप, पाऊस कोणत्या वेळी पडला, ऑक्टोबर व मे अखेर विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, हादरा जाणवल्यास वेळ, आणि वाचणाऱ्याची सही. महिन्याअखेर प्रत संघाच्या कचेरीत द्यावी, म्हणजे मंडळाच्या आकड्याशी ती ताडून या मासिकात छापता येईल. तक्ते जुळविण्याचे काम मी विनामूल्य करीन. ज्या दिवशी माप वाचले गेले नाही, त्या दिवसाचा रकाना कोरा सोडावा, अंदाजाने भरू नये; कोरा रकाना मी तसाच छापीन.