ई२०, फ्युएल इंजेक्शन आणि ‘हवा घेणारं’ इंजिन: दोष नक्की कुणाचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये सोशल मीडिया उघडला की एकच विषय दिसायचा. ई२० पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज पडलं, गाडी झटके मारते, इंजिन गरम होतं. पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासे काढले. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ई२० विरोधातली जनहित याचिका फेटाळली. कोर्टातला विषय तिथे संपला, पण गॅरेजमध्ये तो अजून रोज निघतो. गाडीत काहीही बिघडलं की आता एकच उत्तर मिळतं: “पेट्रोलच खराब यायला लागलंय हो.”

मला हे उत्तर पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. कारण त्याच काळात माझ्यासमोर एक गाडी होती जी खरोखरच लीन चालत होती, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. बाबांची २००६ सालची १५० सीसी कार्बोरेटरवाली बाईक. मी आणि एका मित्रानं मिळून तिला फ्युएल इंजेक्शनचं किट बसवलं. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे इंजिनपेक्षा लॅपटॉपवर दिसणाऱ्या मॅपचं आकर्षण जास्त होतं, हे कबूल करतो. बाबा मात्र ती गाडी रोज कामाला नेतात. ती मध्येच बंद पडली तर त्यांचा दिवस बुडतो.

(कायद्याचं आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर मर्यादा घालतं. असं काही करायच्या आधी आरटीओत विचारा.)

आधी थोडं रसायन

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल लागतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वजनानं जवळपास ३५ टक्के. त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते, ९ किलोला १ किलो. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण साधारण १३.५ वर येतं. ई१० साठी ते १४.१ च्या आसपास असतं.

आता तुमचा इंजेक्टर किंवा कार्बोरेटरचा जेट मोजतो ते आकारमान, वजन नाही. घनतेचा फरक धरून हिशोब केला तर असं निघतं: शुद्ध पेट्रोलसाठी सेट केलेल्या इंजिनात ई२० भरलं, तर मिश्रण साधारण ७ टक्के लीन होतं. ई१० साठी सेट केलेल्या इंजिनात हाच फरक साडेतीन-चार टक्के.

हा आकडा लक्षात ठेवा. सगळा वाद याच्याभोवती फिरतो आणि वादात हाच आकडा कुणी सांगत नाही.

७ टक्क्यांनी इंजिनाची वाट लागते का? एकट्यानं, नाही. फुल थ्रॉटलला कंपन्या मिश्रण मुद्दाम रिच ठेवतात, लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान (लॅम्डा १ म्हणजे बरोब्बर प्रमाण, १ पेक्षा जास्त म्हणजे लीन). त्यात ७ टक्के मिळवले तरी आपण १ च्या खालीच राहतो. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्पीभवन होताना ते उष्णता जास्त शोषतं, त्यामुळे नॉकिंगचा धोका उलट कमी होतो. त्रास जाणवतो तो थंडीत स्टार्ट करताना आणि हळू, एकसारख्या वेगात चालवताना, कारण तिथे कार्बोरेटर आधीच काटकसरीवर सेट असतो.

अ‍ॅव्हरेज मात्र पडणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच लिहिलं होतं की, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के, तर दुचाकींचं ३ ते ४ टक्के कमी होईल. म्हणजे सरकारी कागदावर जे चार वर्षांपूर्वी छापलं होतं, तेच २०२५ मध्ये लोकांनी सांगितलं तर ती अफवा कशी ठरते, हे मला समजलेलं नाही.

ईसीयू काय सांभाळतो, काय नाही

१ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं आणि देशातल्या बहुतेक दुचाकी एका झटक्यात कार्बोरेटरवरून इंजेक्शनवर गेल्या. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सिग्नल देतो, ०.४५ च्या वर रिच, खाली लीन. ईसीयू ते बघून इंजेक्टर जास्त-कमी वेळ उघडतो. सेन्सरला पेट्रोल आणि इथेनॉल यातला फरक कळत नाही, त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो. आणि तेवढं पुरतं. ३-४ किंवा ७ टक्क्यांची दुरुस्ती ईसीयू सहज करतो.

पण हा लूप कायम चालू नसतो. सेन्सर गरम होईपर्यंत आणि फुल थ्रॉटलला ईसीयू डोळे मिटून मॅपप्रमाणे चालतो. शिकलेली दुरुस्ती काही गाड्यांत तिथेही वापरली जाते, सगळ्यांत नाही. आणि दुरुस्तीला मर्यादा असते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक बफर आहे. ई२० त्यातला थोडा खातो. उरलेला बफर तुमच्या गाडीच्या बाकीच्या दुखण्यांसाठी असतो.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

कात्रजचा चढ

लक्षणं अशी: आयडलला गाडी ठीक. ४० च्या वेगात झोके खायची, म्हणजे आपोआप पिकअप घे, सोड, घे, सोड. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. कात्रजच्या चढावर तर दमच नाही. प्लग काढला तर पांढराफटक.

मी काय केलं? लॅपटॉप उघडला आणि सगळ्या मॅपमध्ये १२ टक्के पेट्रोल वाढवलं. परिणाम: आयडलला काळा धूर, आणि चढावर तीच रड. आमच्या गल्लीतले मेकॅनिक काका हे सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, “अरे, आधी हवा कुठून घेतीय का ते तरी बघशील? कॉम्प्युटर काय पळून चाललाय का?”

त्यांनी सांगितलेला क्रम बरोबर होता. लीन दिसतंय ते खरंच लीन आहे का, हे आधी बघायचं. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जॉइंट लीक असेल तर प्रत्येक ठोक्याला बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो “लीन” म्हणून ओरडतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. मिसफायरचंही तसंच. न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही जातो, आणि सेन्सरला फक्त तोच दिसतो. आमच्याकडे हेडर पाइपचं गॅस्केट खरंच फुंकलेलं निघालं. थंड इंजिन स्टार्ट करून, सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं धरलं की फुसफुस ऐकू येते. गॅस्केट बदललं, दोन-तीन टक्के फरक पडला. बाकीचं होतं तिथेच.

मग इनटेकची हवा. इथे किट कोणत्या पद्धतीनं चालतं ते महत्त्वाचं. ईसीयू मॅनिफोल्डचं प्रेशर मोजत असेल, तर रबर मॅनिफोल्डच्या चिरेतून शिरलेली हवा प्रेशरमध्ये दिसते आणि तेवढं पेट्रोल वाढतं. गाडी फारशी लीन होत नाही, फक्त रेस वर चढून बसते. ईसीयू नुसता थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघत असेल, तर ही चोरटी हवा त्याला कळतच नाही आणि गाडी सरळ लीन होते. इंटरनेटवरचे सल्ले एकमेकांना काटतात, त्याचं बरंचसं कारण हेच.

हवेची गळती आयडलला जास्त त्रास देते, कारण तेव्हा इंजिन मुळात हवा थोडी घेतं. लोड वाढला की तिचा वाटा नगण्य होतो. आमची गाडी उलटी होती: आयडलला बरी, चढावर वाईट. जेवढी मागणी जास्त तेवढा तुटवडा जास्त, म्हणजे संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर.

प्रेशर गेज लावला. जागेवर बरोबर ३ बार. मी खूश. काका म्हणाले, “जागेवर काय, चढावर बघ.” गेज हँडलजवळ पक्का बांधून कात्रजला गेलो. (या कामाला इंजेक्शनसाठीचा प्रेशर सहन करणारा पाइप आणि नीट क्लॅम्प लागतात. कार्बोरेटरचा साधा पाइप ३ बारला सुटला तर गरम इंजिनावर पेट्रोलची फवारणी होईल. इथे जुगाड करू नका.) चढावर काटा २.४ वर.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. ३ चं २.४ झालं म्हणजे पेट्रोल साधारण साडेदहा टक्के कमी. ईसीयूला हे माहीत नसतं, तो ३ बार गृहीत धरून वेळ मोजत असतो. आता यात ई२० चे ७ टक्के मिळवा, कारण किटचा मॅप शुद्ध पेट्रोलसाठीचा होता. लॅम्डा जातो १.२ च्या जवळ. आणि सेन्सरची दुरुस्ती मी स्वतःच सेटिंगमध्ये १० टक्क्यांवर बांधून ठेवली होती. लॉगमध्ये ती रेष +१० वर चिकटून सरळ चालली होती. इतके दिवस ती माझ्या समोर होती.

टाकी उघडली. तळाशी गंज, आणि पंपाची जाळी त्यानं लिंपलेली. कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल वरून खाली आपोआप यायचं, बारीक गंज बाऊलमध्ये बसायचा. पंपाला ते चालत नाही. त्यात इथेनॉल जुना चिकट थर सोडवतं आणि पाणी शोषतं, त्यामुळे वीस वर्षांचा मळ आताच सुटायला लागतो. म्हणजे पेट्रोल निर्दोष नाही, पण त्याचा गुन्हा लोक सांगतात तो नाही.

दुसरी गोष्ट वायरिंगची. जुन्या गाडीचं चार्जिंग हॉर्न आणि इंडिकेटरपुरतं असतं. पंपाला मी बारीक वायर दिली होती, आणि पंपापाशी व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरंच कमी भरत होतं. टाकी साफ केली, जाळी बदलली, पंपाला रिलेवरून जाड वायर दिली. चढावर काटा ३ वर स्थिर.

मग माझा १२ टक्क्यांचा उद्योग मागे घेतला आणि पुन्हा लॉग घेतला. दुरुस्ती आता आयडल, क्रूझ, हलका लोड, सगळीकडे +६ ते +७. हे बघून मला खरा आनंद झाला. सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी चूक असेल, तर ती इंधनाच्या जातीची. फक्त लोडला वाढणारी चूक पुरवठ्याची. फक्त आयडलला दिसणारी चूक बहुधा हवेच्या गळतीची किंवा इंजेक्टरच्या डेड टाइमची. डेड टाइम म्हणजे करंट दिल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ, साधारण १ मिलिसेकंद. आयडलला इंजेक्टर दोन-एक मिलिसेकंदच चालू असतो, त्यामुळे तिथे छोटी चूकही मोठी दिसते. बेस मॅप ७ टक्क्यांनी वाढवला, दुरुस्तीची रेष शून्याभोवती नाचायला लागली.

ज्यांच्याकडे वाइडबँड मीटर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. मीटर मोजतो लॅम्डा, आणि दाखवताना त्याला १४.७ नं गुणतो. ई२० वर मीटर १४.७ दाखवत असेल तर तुमचं मिश्रण बरोबर आहे. “ई२० ला १३.५ हवं” असं वाचून मीटरवर १३.५ आणायला जाऊ नका, गाडी विनाकारण ८ टक्के रिच होईल.

मग सरकारला प्रश्न काय विचारायचा?

रोडमॅपप्रमाणे एप्रिल २०२३ पासून ई२० सहन करणारे पार्ट आणि एप्रिल २०२५ पासून ई२० साठी ट्यून केलेली इंजिनं यायची होती. पेट्रोल मात्र सगळ्यांना एकच. २०१८ च्या धोरणात २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० चं होतं, ते पुढे पाच वर्षं अलीकडे ओढलं. इंधन लवकर आलं, गाड्या बदलायला मात्र पंधरा-वीस वर्षं लागतात. ब्राझीलनं १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आणलं हे उदाहरण सतत दिलं जातं, पण तिथे फ्लेक्स-फ्युएल गाड्या २००३ पासून विकल्या जातात. महाराष्ट्रात ऊस उत्पादक आणि साखर कारखान्यांचे पैसे इथेनॉलमध्ये अडकलेत, त्यामुळे मागे फिरा म्हणणं सोपं नाही, आणि मी तसं म्हणतही नाही.

माझी तक्रार साधी आहे. कार्बोरेटरवाल्या गाडीसाठी जेट किती वाढवायचा, कोणते रबर पार्ट कधी बदलायचे, हे कंपनीनं मॉडेलप्रमाणे एका पानावर छापून द्यायला काय हरकत आहे? आमच्या काकांकडे स्कॅनर नाही, पण जेट बदलायला स्कॅनर लागतही नाही. आज ते अंदाजानं बदलतात. कुणाची गाडी रिच होते, कुणाची लीनच राहते, आणि दोन्हींचं खापर पेट्रोलवर फुटतं.

बाबांची गाडी आता कात्रज तिसऱ्या गिअरमध्ये चढते. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं अजून अडखळते. टेंपरेचर सेन्सर मी सिलिंडर हेडच्या फार जवळ लावलाय, हेड लगेच तापतं आणि ईसीयूला वाटतं इंजिन गरम झालं, म्हणून तो जादा पेट्रोल वेळेआधीच बंद करतो. येत्या रविवारी तो सेन्सर ऑइलच्या बाजूला हलवायचा आहे. काकांनी जागा खडूनं आखून ठेवली आहे.