सोलला निघालाय? आधी 'बाराखडी' गिरवा!

मागच्या महिन्यात दादर स्टेशनच्या पुलावर लालबागची एक मैत्रीण भेटली. हातात ही मोठ्ठी पिशवी. आत काय, तर थेपले, चिवडा, मेतकूट आणि इन्स्टंट उपम्याची पाकिटं! बाईसाहेब ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस सोलला निघाल्या होत्या. पहिलाच परदेश प्रवास, त्यात पक्की शाकाहारी. कोरियन सीरियल्सचे हीरो तोंडपाठ, पण 'तिथे खाशील काय?' या प्रश्नाने आईची झोप उडालेली.

अशी ती एकटी नाही. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, माणगावजवळ पोस्को... ऑफिसच्या कामाने कोरियाला जाणारं कुणी ना कुणी आता तुमच्याही ओळखीत असेल. तर तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

माझी पहिली खेप आठवते. एका दुकानात 'नो मीट, नो मीट' म्हणत किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल, घेतला. सोबतचा मित्र शाकाहारी. त्याने अर्धा खाल्ल्यावर कळलं, आत हॅम आहे. बिचाऱ्याचं तोंड बघवेना. गंमत म्हणजे पाकिटावर 'हॅम' असंच छापलेलं होतं. फक्त कोरियन अक्षरांत!

दोन संध्याकाळींचा अभ्यास
म्हणून टिप नंबर एक: शॉपिंग नंतर, आधी हांगुल लिपी शिका. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. मूळ अक्षरं फक्त २४: १४ व्यंजनं, १० स्वर. आणि आपल्याला तर ती सोपीच. व्यंजनाला स्वर जोडून एकेक अक्षर बनवायचं, म्हणजे आपली बाराखडीच की! सुताराच्या गुण्यासारखं अक्षर म्हणजे क किंवा ग. त्यात एक रेघ वाढवली की ख. चौकोन म्हणजे म, उभी दांडी म्हणजे ई. झालं सुरू!

भाषा येत नसताना नुसती लिपी काय कामाची? खूप. कॉफी, बस, टॅक्सी, केक, हॅम हे शब्द तिथेही आहेत, उच्चार थोडा वेगळा इतकंच. आपण 'बँक' देवनागरीत लिहितो ना, तसंच.

पोटोबा
'व्हेज' हा शब्द तिथे पुरत नाही. 'कोगी' म्हणजे मांस. 'कोगी पे जुसेयो' म्हणजे 'मांस काढून द्या'. हे पाठच करा. तरीही मासे आणि अंडी वेगळी विचारावी लागतात. किमची दिसते कोबीची, पण तिच्यात बहुतेकदा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा सॉस असतो. सुपाचं पाणीही अनेकदा सुक्या मासळीचं. भाज्या घातलेला बिबिम्बाप भात मांस आणि अंड्याशिवाय मागता येतो.

सगळ्यात भन्नाट म्हणजे बौद्ध मठांचं जेवण. मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही! सोलमध्ये जोग्येसा मंदिर आणि इन्सादोंगच्या आसपास असं जेवण मिळतं. घरून थेपले जरूर न्या, पण ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नकोत. विमानतळावर काढून घेतात. हापूसचा मोह आवरा!

फिरताना
- व्हिसा लागतो. अर्ज वेळेवर करा.
- टी-मनी कार्ड घ्या. मेट्रो, बस दोन्हीकडे चालतं. बसमधून उतरतानाही ते टेकवायचं. थोडे रोख वॉन जवळ असू द्या.
- रस्ता शोधायला नेव्हर मॅप घ्या, तो इंग्रजीतही आहे.
- प्लग गोल पिनांचा, वीज २२० व्होल्ट. आपला साधा दोन पिनांचा चार्जर चालतो.
- पर्यटकांसाठी हेल्पलाइन १३३०, पोलीस ११२, अॅम्ब्युलन्स ११९.
- चुसोक सणाला सगळा देश गावी निघतो. गणपतीतलं कोकण रेल्वेचं बुकिंग आठवा आणि त्या तारखा टाळा!

रीतभात
मोठ्यांना काही देता-घेताना दोन्ही हात. जेवायला सुरुवात घरच्या किंवा ऑफिसच्या वडीलधाऱ्यांनी करायची. घरात शिरताना चपला बाहेर. यात आपल्याला नवीन काय? भातात काड्या उभ्या खोचू नका, ते मयताच्या विधीसारखं दिसतं. मेट्रोत डब्याच्या टोकाच्या राखीव सीटवर रिकामी असली तरी बसू नका. आणि आवाज हळू! तिथे 'चौथी सीट' नाही, की लोकलमधली भजनी मंडळीही नाहीत. टिप द्यायची पद्धत नाही, पैसे वाचले!

मैत्रिणीचा चार दिवसांनी मेसेज आला. दुकानात पाकीट उचललं, एकेक अक्षर जुळवत वाचलं, 'ह... हॅ... हॅम', आणि खाली ठेवलं. मग दुसरं शोधलं. आईला तेवढंच कळवलं, 'जेवले गं.' लालबागच्या त्या घरात त्या रात्री सगळे शांत झोपले.

तेव्हा बॅगेत थेपल्यांशेजारी एक वही आणि पेन्सिलही ठेवा. मग, कधी निघताय?